परभाषेच्या आरशात

परभाषा शिकणे म्हणजे आपल्या शब्दांच्या जागी दुसरे शब्द पाठ करणे, असे पुष्कळांस वाटते. परंतु भाषा ही नुसती शब्दांची पेटी नव्हे. ती बोलणारे लोक वेळ कशी मोजतात, नाती कशी ओळखतात, परक्यास मान कसा देतात, हे सारे तिच्यात साठलेले असते. जर्मन भाषेच्या वर्गात बसणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास याचा प्रत्यय लवकरच येतो.

जर्मन भाषा शिकविणारी ग्योटे इन्स्टिट्यूट ही संस्था जर्मनीत १९५१ साली स्थापन झाली. भारतात ती मॅक्स म्युलर भवन या नावाने ओळखली जाते. पुणे व मुंबई येथे तिचे वर्ग चालतात. ज्या जर्मन पंडिताचे नाव तिने धारण केले, त्या मॅक्स म्युलर (१८२३–१९००) यांनी सायणाचार्यांच्या भाष्यासह ऋग्वेद संपादून प्रसिद्ध केला. भारतात ते कधीही आले नाहीत. भारताशी त्यांचा स्नेह जडला तो संस्कृत भाषेच्या द्वारे.

आरंभी मराठी विद्यार्थ्यास जर्मन भाषा ओळखीची वाटते. इंग्रजीत आधी वीस व मग एक म्हणतात. जर्मनीत मात्र ‘एक आणि वीस’ असे म्हणतात, म्हणजे आपले ‘एकवीस’च! तो, ती, ते याप्रमाणे तिच्यातही तीन लिंगे आहेत. फक्त त्यांचा सूर्य ‘ती’ आहे आणि चंद्र ‘तो’.

पुढे भेद दिसू लागतात. जर्मन मनुष्य ‘हाल्ब आख्ट’, म्हणजे शब्दशः ‘अर्धे आठ’, वाजता बोलावतो. त्याचा अर्थ साडेआठ असा घेणारा पाहुणा एक तास उशिरा पोचेल. कारण ही वेळ आहे साडेसातची. मराठी मनुष्य सरलेल्या सात तासांवर अर्धा तास चढवितो. जर्मन मनुष्य आठवा तास अर्धा झाला असे मानतो. घड्याळ एकच, पाहण्याची दिशा निराळी.

नात्यांचेही तसेच. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान या सर्वांस जर्मन भाषेत आज ‘ओंकेल’ हा एकच शब्द आहे. परंतु पूर्वी त्या भाषेतही मामास ‘ओहाइम’, मावशीस ‘मूमे’ व आत्यास ‘बाझे’ असे वेगवेगळे शब्द होते. पुढे फ्रेंच भाषेतून ‘ओंकेल’ व ‘टांटे’ हे शब्द आले, आणि जुने शब्द हळूहळू मागे पडले. जे शब्द कोणी वापरीत नाही, ते कोशात उरतात, मुखात नाही.

सर्वांत अधिक विचार करावयास लावतात ते दोन लहान शब्द : ‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही. आई आणि देव यांस जर्मन मनुष्यही मराठी मनुष्याप्रमाणेच ‘तू’ म्हणतो. येथवर साम्य आहे. परंतु मराठीत वयाने वा अधिकाराने मोठा असेल त्यास ‘तुम्ही’ व लहान असेल त्यास ‘तू’ म्हणण्याची चाल आहे. जर्मन भाषेत मोठेपणापेक्षा जवळीक पाहिली जाते. अनोळखी प्रौढ माणूस मंत्री असो की रस्ता झाडणारा असो, दोघांसही ‘झी’च म्हणतात, आणि तेही उलट ‘झी’च म्हणतात. इतकेच नव्हे, तर विद्यार्थी सुमारे सोळा वर्षांचा होऊन वरच्या इयत्तेत गेला, की पुष्कळ शाळांत शिक्षकही त्यास ‘झी’ म्हणू लागतात.

मराठी विद्यार्थी हे प्रथम ऐकतो तेव्हा चकित होतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यास ‘तू’ म्हणण्यात आपल्याकडे माया असते. ती त्या ‘झी’मध्ये कोठून येणार? परंतु आपल्याकडे कित्येक घरांत धुणेभांडी करणाऱ्या, आईपेक्षाही वडील असलेल्या बाईंना मुले सहज ‘तू’ म्हणतात. ती माया असते, की नुसती सवय? हा प्रश्न जर्मन भाषा विचारीत नाही. तो मराठी मुलाच्या मनात आपोआप उभा राहतो.

आपला चेहरा आपणांस दिसत नाही. त्यासाठी आरसा लागतो. परभाषा हा असाच एक आरसा आहे. त्यात पाहणाऱ्याने आपली भाषा टाकावयाची नसते. ती अधिक जाणतेपणाने बोलावयाची असते.