दुकानातला कॅमेरा : कुणाचा हक्क कुठवर?

लग्नसराईत पुण्याच्या लक्ष्मी रोडवर साडीच्या कुठल्याही दुकानात हा प्रसंग घडतो. गादीवर पैठण्यांचा ढीग उलगडलेला, एक पदर मनात भरलेला, पण ज्यांची पसंती हवी त्या वन्सं नाशिकला. फोन वर होतो न होतो तोच विक्रेता पदरावर हात ठेवतो, "ताई, फोटो नाही काढायचा." ताईंना वाटतं, आपल्याला चोर समजले. विक्रेत्याच्या मनात मात्र दुसरंच असतं. हाच फोटो दाखवून गिऱ्हाईक चार दुकानं पुढे "हीच कितीला देता?" असं विचारेल, किंवा नमुना दुसऱ्याच मागावर चढेल, ही त्याची धास्ती. दोघांचंही वागणं समजण्यासारखं आहे. बिघडतं कुठं, तर कायदा पूर्णपणे आपल्याच बाजूनं आहे असं दोघांनाही वाटतं तिथं.

गैरसमज : "दुकानात फोटो काढणं गुन्हा आहे."

असं कलम नाही. 'छायाचित्रणास मनाई' ही पाटी म्हणजे मालकानं घातलेली अट. पण ती पोकळही नाही. दुकान सगळ्यांना खुलं असलं तरी जागा खासगीच राहते. 'मी गिऱ्हाईक आहे, म्हणजे शूटिंग करणारच' हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. आत कसं वागायचं हे मालक सांगू शकतो आणि ते मान्य नसेल तर बाहेर जायला सांगू शकतो. सांगूनही कुणी धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूनं तिथंच ठाण मांडलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खालचा अतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. नुसता फोटो काढला म्हणून मात्र कुणी गुन्हेगार ठरत नाही.

सराफांच्या बाबतीत मनाई थोडी कडक असते आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. व्हिडिओत दागिन्यांबरोबर कॅमेऱ्यांच्या जागा, मागचा दरवाजा आणि तिजोरीची दिशाही टिपली जाते.

गैरसमज : "फोन द्या, डिलीट करतो."

माझ्या मते या सगळ्या प्रकारात सर्वांत घातक वाक्य हेच. ते बहुतेकदा सुरक्षारक्षकाच्या तोंडी येतं आणि तो बिचारा वरून आलेला हुकूम पाळत असतो. पण दुकान मालकाचं असलं तरी गिऱ्हाइकाचा फोन त्याचा होत नाही. फोन मागून घेणं, त्यातली गॅलरी चाळणं, फोटो पुसणं, यातला कुठलाच अधिकार रक्षकाला नाही, व्यवस्थापकाला नाही आणि मालकालाही नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या उपकरणातली माहिती पुसली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार भरपाई द्यावी लागू शकते. हिसकाहिसकीत फोन पडला, हाताला लागलं, की मूळ भांडण बाजूला राहतं आणि दुकानच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं.

दारात आडवं उभं राहून "पोलीस येईपर्यंत हलायचं नाही" असं म्हणणं त्याहून धोक्याचं. कुणाची वाट अडवणं हा न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे आणि कोंडून ठेवणं १२७ खाली. सामान्य माणसाला कुणाला पकडता येतं, पण समोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडत असेल किंवा ती व्यक्ती घोषित गुन्हेगार असेल तरच. तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. साडीच्या पदराचा फोटो त्यात कुठंच बसत नाही. दुकानानं करायचं ते एवढंच : फोटो काढून टाकण्याची विनंती, ती मानली नाही तर विक्रीला नकार, आणि तरीही ऐकलं नाही तर पोलिसांना फोन.

गैरसमज : "तुमचा सीसीटीव्ही चालतो, मग माझा फोन का नाही?"

सीसीटीव्ही जागेच्या मालकानं स्वतःच्या सुरक्षेसाठी लावलेला असतो, म्हणून त्याची आणि गिऱ्हाइकाच्या फोनची तुलना होत नाही. पण मालकही त्या चित्रणाचं मन मानेल तसं काही करू शकत नाही. संशयावरून कुणाचा चेहरा 'चोरापासून सावध' म्हणून व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकला आणि चोरी सिद्धच झाली नाही, तर बदनामीचा दावा अंगावर येतो. न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

हेच कलम गिऱ्हाइकालाही लागू होतं. काउंटरवरच्या मुलीशी वाद झाला, तिच्या तोंडासमोर फोन धरला आणि 'बघा किती उद्धट' म्हणून व्हिडिओ पसरवला, की पुढं काय होतं? गिऱ्हाईक दोन दिवसांत विसरतं. त्या मुलीला तिच्या गावी, तिच्या वस्तीत सगळे ओळखू लागतात. बिल चुकलं असेल तर ते यंत्रणेचं, परताव्याचा नियम असेल तर तो मालकाचा, पण चेहरा तिचा जातो. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा मूलभूत हक्क मानला. तो हक्क प्रामुख्यानं शासनाविरुद्ध वापरता येतो, गिऱ्हाइकाला अडवायला तिला त्याचा थेट उपयोग नाही. म्हणूनच इथं बंधन आपलं आपणच घालून घ्यायला हवं. तक्रार बिलाची असेल तर बिलाचा फोटो पुरतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले असतील तर वस्तू विकत घेतल्यावर पाकीट आणि पावती दोन्ही आपली. बाहेर येऊन त्यांचे हवे तेवढे फोटो काढावेत आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

ट्रायल रूम

इथं तडजोडीला जागाच नाही. एप्रिल २०१५ मध्ये गोव्यातल्या कांदोळीच्या एका कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूमच्या दिशेनं कॅमेरा असल्याची तक्रार तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी केली आणि देशभर हा विषय निघाला. कपडे बदलणाऱ्या स्त्रीचं चोरून चित्रण केल्यास न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार पहिल्याच वेळी किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई तर स्त्री-पुरुष असा भेदही करत नाही.

आरशावर बोट टेकवून मधलं अंतर पाहण्याची युक्ती मात्र भरवशाची नाही. मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला आहे की मागच्या, एवढंच त्यातून कळतं. दुतर्फी आरसा पलीकडची खोली अंधारी असेल तेव्हाच काम करतो. म्हणून डोळ्यांभोवती हातांचा आडोसा करून काचेला चेहरा लावावा, टॉर्च लावावा. पलीकडं पोकळी असेल तर ती दिसण्याची शक्यता जास्त.

गैरसमज : "व्हिडिओ आहे, म्हणजे पुरावा झाला."

याबाबतचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यातून आला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं, की मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर चित्रणाच्या प्रतीबरोबर कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र लागतंच. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. ग्राहक आयोगाचं काम याहून सुटसुटीत चालतं, तरी कापून जोडलेल्या तुकड्यावर तिथंही प्रश्न विचारले जातात. दुकानातल्या वादाचं चित्रण खरोखरच उपयोगी पडायला हवं असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये न कापता ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत आकारानं लहान झालेली असते आणि मूळ फाइलसोबतची बरीचशी माहिती तिच्यातून गळून गेलेली असते.