परदेशातील एका सत्राचे अध्ययन : कॅथॉलिक विद्यापीठांची व्यवस्था आणि नांदेड-लातूरमधील महाविद्यालये

प्रस्तावना

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. शिक्षणासाठी घर सोडणे या परिसराला नवे नाही. 'लातूर पॅटर्न'मुळे अकरावी-बारावीसाठी इतर जिल्ह्यांतील विद्यार्थी येथे खोली घेऊन राहतात. तथापि पदवी येथेच पूर्ण करीत असताना मधले एक सत्र परदेशी विद्यापीठात शिकून परत यावे, ही कल्पना येथे अद्याप रुजलेली नाही. या व्यवस्थेत कॅथॉलिक विद्यापीठांचा वाटा मोठा आहे. त्यांचे स्वरूप, श्रेयांकांच्या समकक्षतेचा प्रश्न आणि प्राध्यापकांची जबाबदारी यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कॅथॉलिक विद्यापीठांचे स्वरूप

बेल्जियममधील लूवेन विद्यापीठ १४२५ मध्ये पोप पाचवे मार्टिन यांच्या आज्ञापत्राने स्थापन झाले. अमेरिकेतील जॉर्जटाऊन (१७८९) व नोत्र दाम (१८४२), फिलिपिन्समधील अतेनेओ दे मनिला (१८५९) आणि जपानमधील सोफिया (१९१३) ही याच परंपरेतील विद्यापीठे होत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० मध्ये प्रसृत केलेल्या 'एक्स कॉर्दे एक्लेसिए' या दस्तऐवजात अशा विद्यापीठांची धार्मिक ओळख आणि संशोधनाचे स्वातंत्र्य या दोहोंचा पुरस्कार आहे. ही विद्यापीठे अन्यधर्मीय विद्यार्थ्यांनाही प्रवेश देतात. काही ठिकाणी पूर्ण पदवीच्या विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान वा ईश्वरविद्येचे पेपर अनिवार्य असतात. एका सत्रासाठी येणारा विद्यार्थी मात्र सामान्यतः आपल्या विषयाचे पेपर निवडतो. पालकांच्या मनातील धर्मविषयक शंकेचे निरसन करताना हा भेद स्पष्ट करणे आवश्यक ठरते.

ही देवाणघेवाण एकतर्फी नाही. लूवेन येथे अभियांत्रिकी शिकलेले फादर कामिल बुल्के १९३५ मध्ये भारतात आले आणि त्यांनी रामकथेवर हिंदीत प्रबंध लिहिला.

प्रवेशाचे दोन मार्ग

पहिला मार्ग परस्पर विनिमयाचा होय. दोन विद्यापीठांत करार होतो, विद्यार्थी आपल्याच संस्थेत शुल्क भरतो आणि यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क आकारत नाही. प्रवास, निवास व विमा यांचा खर्च मात्र त्यालाच करावा लागतो. युरोपीय संघाच्या 'इरास्मस प्लस' योजनेतून निवड झाल्यास प्रवास व निर्वाहासाठी अनुदान मिळू शकते. दुसऱ्या मार्गात विद्यार्थी अभ्यागत म्हणून थेट प्रवेश घेतो व यजमान विद्यापीठाचे पूर्ण शुल्क भरतो. सामान्य शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने हा दुसरा मार्ग जवळजवळ बंदच आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासक्रमांसाठी मिळते, पदवीच्या एका सत्राला तिचा उपयोग होत नाही. म्हणून करार हाच समन्यायी मार्ग ठरतो.

श्रेयांकांची समकक्षता

युरोपीय पद्धतीत एका सत्राचे ३० श्रेयांक असतात व एका श्रेयांकात स्वाध्यायासह २५ ते ३० तासांचा श्रम गृहीत धरला जातो. अमेरिकेत एका सत्राचे साधारणतः १५ श्रेयांक होतात. महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारच्या रचनेत एका सत्राला २२ पर्यंत श्रेयांक आहेत. त्यामुळे आकड्यास आकडा लावणे चुकीचे ठरते. पूर्ण सत्राच्या बदल्यात पूर्ण सत्र, हे प्रमाणच न्याय्य होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार 'ट्विनिंग' कार्यक्रमात एकूण श्रेयांकांपैकी कमाल ३० टक्के श्रेयांक परदेशी संस्थेत मिळविता येतात आणि पदवी भारतीय संस्थाच देते. १३२ श्रेयांकांच्या पदवीत एक सत्र म्हणजे २२ श्रेयांक, अर्थात सुमारे १७ टक्के. ही मर्यादा अडसर ठरत नाही. भारतीय संस्थेस नॅकचे किमान ३.०१ गुणांकन किंवा एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरांत स्थान असल्यास आयोगाच्या पूर्वपरवानगीची गरज नाही. मात्र परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात असावी लागते.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. युरोपातील पहिले सत्र सप्टेंबरात सुरू होऊन त्याच्या परीक्षा बहुधा जानेवारीत संपतात. तोपर्यंत येथील सम सत्राचे अध्यापन सुरू झालेले असते. पेपरांची समकक्षता आधी ठरली नसेल तर परतलेल्या विद्यार्थ्याचे सत्र 'अपूर्ण' ठरते आणि वर्ष वाया जाते. एकाच वर्षाच्या विलंबाने ज्या घरचे गणित कोलमडते, त्या घरातील विद्यार्थ्यास हा धोका पत्करण्यास सांगणे योग्य नव्हे. म्हणून प्रस्थानापूर्वीच अभ्यासमंडळाने प्रत्येक पेपराची समकक्षता लेखी मान्य करावी. विद्यार्थी, महाविद्यालय व यजमान विद्यापीठ या तिघांच्या स्वाक्षरीचा अध्ययन-करारही तेव्हाच पूर्ण व्हावा.

परस्परतेचा प्रश्न

विनिमयात जाणाऱ्यांइतकेच येणारेही अपेक्षित असतात. नांदेड-लातूरला येऊन परदेशी विद्यार्थी काय शिकणार, हा प्रश्न अनेकदा संकोचाने विचारला जातो. वस्तुतः या परिसराजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे. नांदेड येथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचे देहावसान झाले; तेथील हजूर साहिब हे शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी एक होय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचे पुनर्वसन हा समाजशास्त्राचा जिवंत विषय आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. जलव्यवस्थापनाचा याहून बोलका धडा कोणता? या विषयांवर क्षेत्रकार्यासह इंग्रजी माध्यमाचे श्रेयांकित पेपर तयार झाले, तर करारासाठी बोलताना येथील महाविद्यालये याचकाच्या भूमिकेत राहणार नाहीत.

समारोप

परदेशातील सत्र ही महानगरांतील मोजक्या महाविद्यालयांची मिरासदारी राहण्याचे कारण गुणवत्तेचा अभाव हे नाही. करार, समकक्षता व वेळापत्रक यांची पूर्वतयारी हीच त्यातील निर्णायक बाब होय. ही तयारी विद्यार्थी एकटा करू शकत नाही. ती अभ्यासमंडळाच्या बैठकीत, प्राध्यापकांच्या टाचणांतून व्हावी लागते. ती झाली तर विद्यार्थी जाईल आणि त्याचे वर्ष न गमावता परतही येईल.