शिंक, गोळी आणि सांगलीचा रस्ता

साताऱ्याहून सांगलीला मोटारीने निघालात, की वाटेत कोण कोण भेटते? उंब्रज, कऱ्हाड, पेठनाका, आष्टा. गळिताच्या दिवसांत उसाने लादलेले ट्रॅक्टर आणि शेतात पेटवलेल्या पाचटाचा धूर. पावसाळ्यानंतर कडेला पांढऱ्या फुलांचे गाजरगवत तर असतेच. हे मूळ अमेरिका खंडातले. १९५५-५६च्या सुमारास ते पुण्यात अभ्यासकांच्या नजरेत भरले आणि पुढे बांधाबांधावर पसरले. त्याचे परागकण कित्येकांना सोसत नाहीत.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या डॉ. फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. आपण साध्या भाषेत 'वावडे' म्हणतो. शरीराचा पहारेकरी निरुपद्रवी पाहुण्याला चोर समजतो, हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतो, आणि शिंका सुरू होतात.

घरी शिंकेला रुमाल पुरतो. चालकाचे तसे नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, आणि शिंकताना डोळे मिटतातच!

तुम्ही म्हणाल, "निघताना एक गोळी घेतली की झाले." मीही तेच म्हणालो होतो. कऱ्हाड मागे पडले तोच पापण्या जड झाल्या. शेजारून पत्नीने हाक मारली म्हणून निभावले. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्या झोप आणतात. कमी पेंग आणणाऱ्याही आहेत. पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, आणि पहिली गोळी सुटीच्या दिवशी घरी घेऊन पाहावी.

बाकी उपाय सोपे आहेत. निघण्यापूर्वी काचा उघडून गाडीत वारे खेळू द्यावे, बैठका ओल्या फडक्याने पुसाव्यात. धूर दिसला की काचा बंद करून आतलीच हवा फिरवणारे बटण लावावे; मात्र तासन्‌तास नव्हे, हवा कोंदून पेंग येते. हवेची गाळणी वेळेवर बदलावी. शेंगदाण्याचे वावडे असेल त्याने सांगलीच्या भडंगाला हात लावण्यापूर्वी विचार करावा. दाण्याचा कूट तर आपल्याकडे कशातही असतो.

आणि अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, तर पुढच्या गावाची वाट पाहू नका. गाडी कडेला घ्या, १०८ला फोन करा; डॉक्टरांनी अशा वेळेसाठी इंजेक्शन दिले असेल तर ते लगेच टोचा. सांगली कुठे पळून जात नाही. आपण मात्र तिथे धडधाकट पोहोचले पाहिजे.