कर्करोगातून उठलेल्या रोग्याने लस केव्हा टोचून घ्यावी?

आपल्या घरातील पन्नाशी ओलांडून पुढे गेलेल्या कोणाही वडीलधाऱ्या माणसाची बाही वर सारून पाहिली, तर दंडावर देवीच्या लशीचा वाटोळा वण दिसतो. १९५६ साली भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरकडील मराठी कुटुंबे येथे राहावयास आली, त्या पिढीच्या दंडावर तर तो हमखास असे. लशीविषयीची आपली समजूत बरीचशी या वणावरच उभी आहे. एकदा टोचले की खूण जन्मभर राहते आणि खुणेबरोबर संरक्षणही राहते, असे आपण धरून चालतो. ही समजूत अगदीच चुकीची आहे असे नाही. परंतु कर्करोगावरील नव्या उपचारांतून गेलेल्या माणसाच्या बाबतीत ती धोक्याची ठरते. कर्करोगासारख्या रोगावर मात करून घरी परतलेला माणूस न्यूमोनियाने किंवा कांजिण्यांसारख्या, आपण मुलांचा म्हणून सोडून दिलेल्या, रोगाने दगावावा, यासारखे दुर्दैव नाही. आणि ते पुष्कळ वेळा टाळता येण्याजोगे असते.

मुंबईच्या परळ भागात दोन संस्था एकमेकींच्या शेजारी म्हणाव्यात इतक्या जवळ आहेत. एक हाफकिन संस्था. प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली तेथे गेली. दुसरी संस्था म्हणजे १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय. पहिली लशीचे घर, दुसरी कर्करोगाचे. भोपाळहून पंजाब मेलने परळ गाठणाऱ्या रोग्यांना दुसऱ्या इमारतीचा पत्ता पाठ असतो. पहिलीशी आपला काही संबंध येईल असे त्यांच्या मनातही येत नाही. शरीरात मात्र या दोन शास्त्रांची गाठ पडते.

ती कशी पडते हे समजण्यासाठी प्रतिकारशक्तीचा कारखाना थोडा आतून पाहिला पाहिजे. रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये बी-पेशी नावाचा एक वर्ग आहे. त्यांना आपण उमेदवार म्हणू. नवा जंतू आला, किंवा लशीच्या रूपाने त्याचे निरुपद्रवी सोंग आले, की हे उमेदवार त्याची ओळख करून घेतात. त्यांतील काही पुढे पक्के कारागीर बनतात. हे कारागीर म्हणजे प्लाझ्मा पेशी. ते हाडांतील मज्जेत ठाण मांडून बसतात आणि आपल्याला शिकवलेल्या त्या एकाच रोगाविरुद्धची प्रतिपिंडे वर्षानुवर्षे, कित्येक वेळा जन्मभर, घडवीत राहतात. लहानपणी गोवर येऊन गेला की तो सहसा पुन्हा येत नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी या अबोल कारागिरांना आहे.

आता उपचाराकडे वळू. रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कित्येक कर्करोगांत बिघडलेली पेशी ही बी-पेशीच असते. प्रत्येक बी-पेशीच्या अंगावर, मग ती चांगली असो वा बिघडलेली, सीडी-१९ नावाचा एक बिल्ला असतो. मुंबईच्या आय.आय.टी. आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून जो 'नेक्सकार-१९' हा उपचार तयार केला, तो याच बिल्ल्यावर नेम धरतो. रोग्याच्या रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवा जनुक घालून त्यांना हा बिल्ला ओळखावयास शिकवतात, त्यांची संख्या वाढवतात आणि मग त्या परत रोग्याच्या शिरेतून सोडतात. या पद्धतीस कार-टी म्हणतात. जून २०२१ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील रुग्णालयात पहिल्या रोग्यास हा उपचार मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी त्यास मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मुंबईत त्याचे लोकार्पण केले. परदेशात या उपचारास काही कोटी रुपये लागतात. येथे तो त्याच्या लहानशा अंशात होतो. तरीही ती रक्कम लाखांच्या घरात आहे आणि मध्यमवर्गीय कुटुंबास ती उभी करताना घरदार पणाला लावावे लागते, हे सांगितलेच पाहिजे. म्हणून तर पुढची काळजी अधिकच घ्यावयाची.

शिकवलेल्या टी-पेशी बिल्ला पाहतात; चेहरा पाहत नाहीत. कर्करोगाच्या बी-पेशींबरोबर निरोगी बी-पेशीही त्या नष्ट करतात. उमेदवारांची सारी रांगच नाहीशी होते आणि ती पुन्हा भरावयास कित्येक महिने, काहींच्या बाबतीत वर्षे लागतात. मात्र यात एक विलक्षण गोष्ट आहे. उमेदवाराचा कारागीर झाला की बहुधा हा बिल्ला त्याच्या अंगावरून उतरलेला असतो. म्हणून मज्जेतील जुने कारागीर पुष्कळसे वाचतात. अशा रोग्याच्या रक्तात गोवराविरुद्धची लहानपणची प्रतिपिंडे टिकून असतात, पण त्याच वेळी त्याला फ्ल्यूची नवी लस टोचली तर ती फुकट जाऊ शकते, कारण तिचा धडा घेणारे कोणी उरलेले नसते. जुने पाठ असलेले आठवते, नवे शिकता येत नाही, अशी ही अवस्था होय. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात हे उलटे होते. तेथे बिघडलेली पेशी ही स्वतः कारागीरच असते. त्यामुळे तिच्यावर सोडलेला उपचार जुनी प्रतिपिंडे घडवणाऱ्यांनाच संपवतो, आणि बालपणच्या लशींचे संरक्षणही ओसरू लागते.

कार-टी उपचार घेतलेले रोगी अजून थोडे आहेत. परंतु याच जातीचे एक साधे औषध, रिटुक्सिमॅब, अमेरिकेत १९९७ पासून आणि हैदराबादेत तयार होऊ लागल्यामुळे २००७ पासून आपल्याकडे अधिक स्वस्तात मिळते. ते बी-पेशींवरील दुसऱ्या एका बिल्ल्यावर काम करते. लिम्फोमाच्या रोग्यांत ते सर्रास वापरले जाते आणि संधिवाताच्या काही रोग्यांनाही देतात. त्याच्या शेवटच्या मात्रेनंतर निदान सहा महिनेपर्यंत लशीचा परिणाम फारच मंद असतो. तेव्हा आजच्या भाषणाचा विषय मुंबईच्या मोजक्या खाटांपुरता आहे असे कोणी समजू नये. भोपाळच्या कोणत्याही मोहल्ल्यात असा रोगी असू शकेल.

प्रतिकारशक्तीचा लगाम सैल सोडणारी पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब यांसारखी औषधे निराळी. त्यांच्यामागील संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधांनी बी-पेशी मरत नाहीत, आणि मृत जंतूंच्या लशी अशा रोग्यांना साधारणतः देता येतात. मात्र औषधाच्या उपद्रवावर स्टेरॉइड द्यावे लागले, तर प्रतिकारशक्ती तेवढ्यापुरती दबते.

मग लस केव्हा? सर्वांत उत्तम वेळ उपचाराच्या आधीची. सवड असेल तर निदान दोन आठवडे अगोदर फ्ल्यूची व न्यूमोनियाची लस घेऊन ठेवावी, म्हणजे उमेदवार जागेवर असतानाच त्यांना धडा मिळतो. त्याच वेळी ब प्रकारच्या काविळीसाठी रक्ततपासणी अवश्य झाली पाहिजे. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे निपचित पडून असतो आणि बी-पेशी गेल्या की डोके वर काढतो; आधी कळल्यास त्यावर गोळ्या सुरू करता येतात. दुर्दैवाने कर्करोगाचे निदान झाल्यावर घरात अशी धांदल उडते की लशीचे नाव काढणाऱ्यास वेड्यात काढतात. ती धांदल मी समजू शकतो. पण दोन टोचण्यांना आणि एका तपासणीला किती वेळ लागतो?

उपचारानंतरची वेळ ठरवताना लशींचे दोन वर्ग ध्यानात ठेवावेत. मृत जंतूंच्या किंवा जंतूंच्या केवळ एखाद्या भागापासून बनवलेल्या लशी हा एक वर्ग: फ्ल्यूची टोचायची लस, न्यूमोनिया, धनुर्वात-घटसर्प, ब कावीळ, नागिणीची नवी लस. यांपासून रोग होण्याचे भय मुळीच नाही. फार तर त्या वाया जातील. कार-टी उपचारानंतर फ्ल्यूची लस सुमारे तीन महिन्यांनी आणि बाकीच्या सुमारे सहा महिन्यांनी विचारात घेतात. दुसरा वर्ग जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लशींचा: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, बी.सी.जी., पोलिओचे थेंब. निरोगी माणसात हे जंतू निमूटपणे शिकवून निघून जातात. रखवालदार नसलेल्या घरात मात्र तेच धुमाकूळ घालू शकतात. म्हणून निदान वर्षभर, आणि त्यानंतरही रक्तातील पेशींची मोजणी समाधानकारक असल्यावाचून, त्या देत नाहीत. यातील गंमत अशी की मूत्राशयाच्या कर्करोगात हीच जिवंत बी.सी.जी. १९७६ पासून औषध म्हणून वापरली जाते. तेव्हा एकच द्रव्य एका रोग्याचे औषध आणि दुसऱ्याचे विष ठरते, हे आपल्या जुन्या वैद्यांना सांगण्याची गरज पडली नसती.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. प्रतिपिंडे फार कमी झाली आणि वारंवार संसर्ग होऊ लागला, तर रोग्यास दर महिन्याला इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात. ही हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून गोळा केलेली उसनी प्रतिपिंडे होत. या काळात रक्त तपासले तर गोवराविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर दिसतात आणि रोगी खूष होतो. पण ते उसने धान्य आहे. आपल्या शेतात काही पिकले आहे असा त्याचा अर्थ नाही. काही आठवड्यांत ते सरते. शिवाय ही प्रतिपिंडे गोवराच्या जिवंत लशीलाच मारून टाकतात, म्हणून शेवटच्या मात्रेनंतर आठ ते अकरा महिने तिच्यासाठी थांबावे लागते.

भोपाळविषयी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री वायूने ज्यांची फुप्फुसे जायबंदी केली, त्यांतील कित्येक लोक आज साठी-सत्तरीत आहेत. अशा माणसास पुढे कर्करोगाचा उपचार घ्यावा लागला, तर त्याच्या बाबतीत न्यूमोनियाच्या लशीचे महत्त्व दुप्पट मानावे. आपली वायुपीडित म्हणून असलेली जुनी कागदपत्रे त्याने मुंबईच्या डॉक्टरांसमोर ठेवावीत. छातीचा तो इतिहास परगावच्या डॉक्टरास आपण होऊन कळणार नाही.

आता घरातील माणसांकडे येतो, कारण खरी तटबंदी तीच आहे. समजा, आजोबा उपचार घेऊन परत आले आहेत. त्यांना लस टोचून सध्या उपयोग नाही. पण आजी, सून, मुलगा, स्वयंपाकाची बाई यांना दर वर्षी फ्ल्यूची लस टोचता येते, आणि त्यांना फ्ल्यू झाला नाही तर आजोबांपर्यंत तो पोचणार कसा? नातवंडांच्या गोवर व कांजिण्यांच्या लशी बिनदिक्कत वेळच्या वेळी द्याव्यात. कांजिण्यांच्या लशीनंतर मुलाच्या अंगावर पुटकुळ्या उठल्याच, तर त्या जाईपर्यंत त्याला आजोबांच्या मांडीवर बसवू नये. रोटाव्हायरसची लस घेतलेल्या तान्ह्याची दुपटी आजोबांनी बदलू नयेत आणि बदलणाऱ्याने साबणाने हात धुवावेत.

राहता राहिले पोलिओचे थेंब. लसीकरणाच्या ताई दारात येतात. थेंबांतील जिवंत विषाणू बाळाच्या शौचावाटे काही आठवडे बाहेर पडत असतो. म्हणून अशा घरातील मुलाला थेंबांऐवजी मृत विषाणूची पोलिओची लस टोचणे अधिक सुरक्षित मानतात. ताईंना दारातूनच परत पाठवू नये किंवा बाळ घरी नाही असे खोटेही सांगू नये. आजोबांच्या आजाराची हकीकत त्यांना सांगावी आणि बालरोगतज्ज्ञांकडून टोचायच्या लशीची सोय करून घ्यावी. बाळ पोलिओपासून असंरक्षित राहणे हा यावरचा उपाय नव्हे.

आजोबांच्या सान्निध्यात कोणाला गोवर किंवा कांजिण्या निघाल्याच, तर त्यांना ताप येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. पहिल्या काही दिवसांतच देता येण्याजोगे उपाय असतात. उशीर झाल्यावर ते लागू पडत नाहीत. आणि मुंबईहून निघताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर एक कागद अधिक मागून घ्यावा: कोणता उपचार झाला, शेवटची मात्रा कोणत्या तारखेस, इम्युनोग्लोब्युलिन केव्हा दिले, आणि कोणती लस कोणत्या महिन्यात. लहान मुलाचे लसीकरणाचे कार्ड आपण कपाटात जपून ठेवतो. हा कागदही त्याच कप्प्यात ठेवावा, आणि भोपाळातील डॉक्टरांकडे जाताना प्रत्येक वेळी सोबत न्यावा.