टर्बोचार्ज्ड मोटारीची ट्रॅक डेसाठी पूर्वतयारी : उष्णतेच्या व्यवस्थापनाच्या अंगाने एक विवेचन

प्रास्ताविक

रोजच्या वापरातील मोटार बंदिस्त धावपट्टीवर नेऊन तिच्या क्षमतेची आणि स्वतःच्या चालनकौशल्याची कसोटी पाहण्याच्या उपक्रमास 'ट्रॅक डे' असे म्हणतात. ही शर्यत नव्हे. येथे कोणी पहिला येत नाही व कोणास चषक मिळत नाही. दुसऱ्या मोटारीस ओलांडून कोठे जावे याचेही नियम आधीच ठरलेले असतात. युरोपात हा छंद जुना आहे. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगची सुमारे २०.८ किलोमीटर लांबीची उत्तरेकडील वाट ठराविक दिवशी शुल्क भरून सामान्य वाहनचालकांना वापरता येते. भारतात चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै, कोईम्बतूर येथील करी मोटर स्पीडवे आणि २०११ साली सुरू झालेली ग्रेटर नोएडाची ५.१२५ किलोमीटर लांबीची बुद्ध आंतरराष्ट्रीय धावपट्टी ही या संदर्भातील परिचित नावे होत. महाराष्ट्रातील हौशी चालकास यांपैकी कोठेही जावयाचे तर हजारएक किलोमीटरचा प्रवास करावा लागतो, आणि तो बहुधा त्याच मोटारीतून. परत येतानाही तीच मोटार. पूर्वतयारीचा सारा विचार या एका वस्तुस्थितीभोवती फिरतो.

प्रस्तुत लेखात उदाहरणादाखल फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही मोटार घेतली आहे. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणारी ही मोटार २०१३ साली बाजारात आली. १.२ लीटरचे टर्बोचार्ज्ड पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती व १७५ न्यूटन-मीटर पिळबल, सुमारे ११०० किलो वजन असे तिचे स्वरूप होते. २०२० मध्ये १.० लीटरचे इंजिन आले आणि २०२२ मध्ये भारतातील पोलोचे उत्पादन थांबले. वापरलेल्या मोटारींच्या बाजारात ती अजूनही उत्साही तरुणांच्या पसंतीस उतरते.

टर्बोचार्जर आणि उष्णता

स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिचे तत्त्व सोपे आहे. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंमधील वाया जाणाऱ्या ऊर्जेवर एक चक्र फिरवावयाचे व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने इंजिनात अधिक हवा कोंबावयाची. अधिक हवा म्हणजे अधिक इंधन व अधिक शक्ती. परंतु हवा दाबली की ती तापते. ३५ अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबास नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान १३० अंशांच्या आसपास जाते. ही हवा इंटरकूलरमधून थंड करून घ्यावी लागते. रस्त्यावर चालक काही क्षणच पूर्ण शक्ती वापरतो, त्यामुळे इंटरकूलरला उसंत मिळते. धावपट्टीवर ही उसंत नसते. हवा तापू लागली की सिलिंडरमधील मिश्रण अकाली पेट घेऊन 'नॉकिंग' होण्याचा धोका वाढतो. ते ओळखून इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो, दाब कमी करतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीत 'गाडी मरगळली' अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असते. मोटार बिघडलेली नसते, ती स्वतःला वाचवीत असते.

येथेच बहुसंख्य हौशी मंडळींची पहिली चूक होते. मोटार घेतली की पहिला खर्च संगणकाचे सॉफ्टवेअर बदलून शक्ती वाढविण्यावर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'रिमॅप'वर केला जातो. पुढील हिशोब पाहिल्यास हा क्रम उलटा का, ते ध्यानात येईल.

ब्रेक : सर्वाधिक दुर्लक्षित अंग

चालकासह १२०० किलो वजनाची मोटार सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १५० किलोमीटर वेगात आहे आणि वळणासाठी तिला ताशी ६० वर आणावयाचे आहे, असे धरू. या अवधीत तिची गतिज ऊर्जा सुमारे पावणेनऊ लक्ष ज्यूलने कमी होते. एवढ्या ऊर्जेने अडीच लीटरहून अधिक पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापविता येईल. ही उष्णता तीनएक सेकंदांत, मुख्यत्वे पुढच्या दोन डिस्कमध्ये, ओतली जाते. एका फेरीत असे पाच-सहा प्रसंग येतात आणि मधल्या काळात डिस्क पूर्ण थंड होत नाही. आता रिमॅपमुळे त्याच पट्ट्याच्या शेवटी वेग १५० ऐवजी १६५ झाला असे मानू. वेग दहा टक्के वाढला. पण ब्रेकवर पडणारी उष्णता २५ टक्के वाढली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ज्या मोटारीचे ब्रेक मूळ शक्तीलाच पुरे पडत नाहीत, तिची शक्ती वाढविणे हा प्रकार धाडसाचा नव्हे, अविचाराचा आहे.

ब्रेक निकामी होण्याचे दोन प्रकार आहेत व चालकास ते पायाला वेगवेगळे जाणवतात. पॅड मर्यादेपलीकडे तापला तर पेडल घट्ट लागते, परंतु मोटार थांबत नाही. हा प्रकार बहुधा हळूहळू येतो, सावध चालकास इशारा देतो. दुसरा प्रकार भयंकर आहे. ब्रेक ऑइल (नाव ऑइल असले तरी ते तेल नव्हे) हवेतील ओलावा शोषते. ताज्या डॉट-४ द्रवाचा उत्कलनबिंदू प्रमाणकानुसार किमान २३० अंश असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे काढलेल्या मोटारीत या द्रवाची अवस्था काय असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. कॅलिपरमध्ये द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पेडल थेट फरशीला टेकते. हा प्रसंग पट्ट्याच्या शेवटी, सर्वाधिक वेगात येतो.

म्हणून पूर्वतयारीतील पहिला खर्च नव्या, उच्च उत्कलनबिंदूच्या ब्रेक ऑइलचा आणि त्यापाठोपाठ चांगल्या पॅडचा असावा. डॉट-५ हा सिलिकोनयुक्त द्रव निराळ्या जातीचा असून तो यात मिसळता कामा नये, डॉट-५.१ मात्र चालतो. एकंदर खर्च रिमॅपच्या मानाने थोडा असतो. ब्रेकचे रबरी पाइप बदलून पोलादी जाळीचे बसविल्यास पेडलचा स्पर्श सुधारतो, उष्णतेच्या प्रश्नास त्याचा उपयोग नाही. धावपट्टीसाठीचे कडक पॅड थंड अवस्थेत कमी पकड देतात व किंचाळतात. ते घालून पहाटे महामार्गावर निघणे अयोग्य होय. पॅड तेथे पोहोचल्यावर बदलावेत.

टायर

टायरमधील हवेचा दाब हा फुकटात होणारा बदल आहे, तरी त्याकडे कमीच लक्ष दिले जाते. २७ अंश तापमानात ३२ पीएसआय भरलेला टायर आतून ७७ अंशांपर्यंत तापला तर दाब ४० च्या घरात जातो. टायर फुगून त्याचा मधलाच भाग रस्त्यास टेकतो व पकड घटते. सुरुवात २६ पासून केली तर तोच टायर तापल्यावर ३३ च्या जवळ स्थिरावतो. अर्थात परतीच्या प्रवासापूर्वी उत्पादकाने सांगितलेला दाब पुन्हा भरणे अपरिहार्य आहे. पोलोसारख्या पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारीत पुढच्या टायरची बाहेरची कड लवकर झिजते. चाकाचा वरचा भाग एक-दोन अंश आत झुकवून, म्हणजे ऋण कॅम्बर देऊन, ही झीज आटोक्यात ठेवता येते.

शक्ती वाढविण्याचा प्रश्न

शक्ती वाढवूच नये, असा याचा अर्थ नाही. ब्रेक, टायर, ताजे इंजिन ऑइल व शीतक यांची व्यवस्था झाल्यावर तो विचार जरूर करावा. मात्र टर्बो इंजिनातून शक्ती काढणे जितके सोपे, तितके ती पेलणारे भाग तपासणे सोपे नसते. २०१३ च्या पोलो जीटीतील सात गतींच्या डीएसजी गिअरबॉक्सचे क्लच कोरडे असून त्याची रचना २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या पिळबलासाठी आहे. मूळ १७५ वरून २३० पर्यंत जाणारा रिमॅप कागदावर या मर्यादेत बसतो. परंतु तापलेल्या क्लचला कागद वाचता येत नाही. शिवाय लहान इंजिनात कमी फेऱ्यांवर दाब फार वाढविला तर ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटण्याची व पिस्टन फुटण्याची शक्यता असते. २०१८ च्या एपीआय एसएन प्लस व २०२० च्या एसपी या ऑइलच्या प्रमाणकांत याच धोक्याची दखल घेतली आहे. इंधनाचाही विचार हवा. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. ते नॉकिंगला विरोध करते हे खरे, पण त्याच्या प्रत्येक लीटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे पूर्ण शक्तीच्या वेळी इंजेक्टरला अधिक इंधन द्यावे लागते. जुन्या पेट्रोलवर बेतलेला रिमॅप डोळे मिटून भरू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने अनधिकृत बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. खासगी मोटारीच्या सर्वसाधारण विमापत्रात शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. धावपट्टीवर झालेल्या नुकसानीची भरपाई गृहीत धरून जाऊ नये.

सुरक्षेच्या साधनांतही अर्धवट बदल घातक ठरतात. सळयांचा पिंजरा बसविलेली मोटार रोज शिरस्त्राणाविना चालविली, तर धडकेत डोके त्याच सळईवर आपटते. मूळ आसनावर चार टोकांचा पट्टा बांधल्यास शरीर त्याखालून निसटू शकते. मूळ तीन टोकांचा पट्टा व एअरबॅग जशीच्या तशी ठेवून चांगले शिरस्त्राण घेणे, हे नवशिक्यास अधिक हिताचे.

प्रत्यक्ष धावपट्टीवर

पहिली फेरी सावकाश, टायर व ऑइल तापविण्यासाठी. नंतर तीन-चार वेगवान फेऱ्या आणि शेवटची पुन्हा संथ. वातानुकूलन बंद ठेवावे, कारण त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो व त्याची उष्णता रेडिएटरवरच येते. इंजिनाचे तापमान चढू लागल्यास हीटर पूर्ण सुरू करावा. चेन्नईच्या उकाड्यात तो असह्य होईल, पण इंजिनाला एक लहानसा जादा रेडिएटर मिळतो. संथ फेरी टाळून तडक इंजिन बंद केले, तर टर्बोच्या तप्त बेअरिंगमध्ये थांबलेले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. मोटार उभी केल्यावर हातब्रेक ओढू नये, गिअरमध्ये ठेवावी किंवा चाकाला अडसर लावावा. डीएसजी असल्यास लिव्हर 'पी'वर असावा.

दुपारी परत निघण्यापूर्वी चाके थंड होऊ द्यावीत, रस्त्याचे पॅड पुन्हा बसवावेत, ब्रेक ऑइलची पातळी पाहावी, आणि चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला कसावेत. पन्नासएक किलोमीटर गेल्यावर पेट्रोल पंपावर थांबून ते एकदा पुन्हा तपासावेत.