मधला आकडा

सरकारी रुग्णालयात तीस वर्षे काढलेल्या डॉक्टरने आयुष्यात सर्वांत जास्त वेळा काय लिहिले असेल? माझ्यापुरते सांगतो: ‘ओळखीच्या खुणा. १) उजव्या गालावर तीळ. २) डाव्या गुडघ्याखाली जुना व्रण.’ फिटनेस सर्टिफिकेट असो, अपघाताची एमएलसी असो की शवविच्छेदनाचा अहवाल, हे दोन रकाने चुकत नाहीत. घाटनांदूरला रेल्वे आहे. रुळावर सापडलेला बेवारस देह येतो तेव्हा त्या दोन खुणांवर कुणाचा तरी मुलगा सापडायचा की नाही हे ठरते. म्हणून मी तीळसुद्धा टेप लावून मोजतो. नव्या डॉक्टरांना याचे हसू येते.

गेल्या वर्षी या सवयीचा उपयोग भलत्याच ठिकाणी झाला.

जवळच्या गावातले पंच्याऐंशी ओलांडलेले एक आजोबा ऐकण्याच्या मशीनसाठी आले होते. हवाई दलातले निवृत्त फिटर. कान-नाक-घसा विभागातून ऑडिओग्राम काढून झाला आणि रक्तदाब जास्त म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवले. ऑडिओग्राम पाहिला. वयाने ऐकू कमी येते तेव्हा आलेख तार स्वरांकडे उतरत जातो. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास एक खाच पडते. उतारवयात ती खाच वयाच्या उतारात बुडून जाते, पण आजोबांच्या डाव्या कानात अजून ओळखता येत होती. विचारले, ‘‘बाबा, कोणत्या मशीनवर होता?’’

‘‘लिबरेटर. चार इंजनं. लोहगावला.’’ ते मोठ्याने बोलले, कमी ऐकणारी माणसे बोलतात तसे. सोबत आलेला नातू हळूच हसला. आपले आजोबा बॉम्बर विमानावर होते, हे घरात कुणालाच फारसे खरे वाटत नव्हते.

पेन्शनच्या कागदांच्या पिशवीतून त्यांनी एक फोटो काढला. सहा तरुण, मागे दोन उभ्या शेपट्यांचे अगडबंब विमान. शेपटीकडच्या भागावर ‘एचई’ ही अक्षरे आणि तीन आकडे. पहिला ८, शेवटचा ७. मधला आकडा एका सोबत्याच्या टोपीआड गेलेला. फोटोतले बाकीचे पाचही जण आता नाहीत. आजोबांना एवढेच हवे होते : ‘‘ते इमान भंगारात गेलं का कुठं हाये, ते तुमच्या त्या मोबाइलमदी दिसतंय का?’’

मी विमानांचा जाणकार नाही. एका परिषदेसाठी दिल्लीला गेलो असताना पालमच्या हवाई दल संग्रहालयात एचई ९२४ हा लिबरेटर पाहिला होता, तेवढीच ओळख. पण ओळख पटवण्याचा प्रश्न आला की मला गप्प बसवत नाही. पुढचे काही आठवडे रात्री हेच वाचत होतो.

लिबरेटर, म्हणजे बी-२४, हे दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन बॉम्बर. पंखांचा विस्तार ११० फूट, १२०० अश्वशक्तीची चार इंजिने. अशी १८ हजारांहून अधिक बनली. त्यातली काही ब्रिटिश हवाई दलाला उधार-भाडेपट्ट्याच्या करारावर मिळाली होती. युद्ध संपल्यावर ती परत द्यायची किंवा मोडून टाकायची, अशी अट होती. कानपूरच्या डेपोत ब्रिटिशांनी ती मोडून टाकली आणि निघून गेले. १९४८ मध्ये भारताला बॉम्बरची गरज पडली तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी हे मुडदे तपासले. जमशेद मुन्शी या कंपनीच्या वैमानिकाने ती जेमतेम उडण्याजोगी केलेली विमाने एकेक करून कानपूरहून बंगळूरला नेली. तिथे ती पुन्हा उभी राहिली. अशी सुमारे चाळीस विमाने झाली. पुण्याच्या लोहगावहून त्यांनी समुद्रावर टेहळणी केली आणि १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली. जगात सर्वांत शेवटपर्यंत लिबरेटर वापरणारे हवाई दल आपलेच.

आता डॉक्टरच्या दृष्टीने अडचण पाहा. एकाचा पंख, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याची चाके जोडून उभे केलेले विमान ‘कोणते’ म्हणायचे? हा प्रश्न माणसालाही लागू आहे. आपला हाडांचा सांगाडा साधारण दहा वर्षांत बराचसा नव्याने घडलेला असतो. कातडी तर महिन्याभरात बदलते. पण दातांवरचे एनॅमल लहानपणी एकदा तयार होते ते तसेच राहते, आणि डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिने आईच्या पोटातलीच असतात. म्हणून जळालेल्या देहाची ओळख पटवताना आम्ही दात बघतो. विमानाचे दात म्हणजे कारखान्यात ठोकलेल्या पट्ट्या आणि भागांवरचे आकडे. कन्सॉलिडेटेड कंपनीच्या हिशेबात लिबरेटर हे मॉडेल ३२. अमेरिकी लष्कराच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे ऑर्डर दिल्याचे आर्थिक वर्ष सांगतात. रंग काही सांगत नाही. उलट तोच फसवतो.

अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनने पुन्हा उडते केलेले लिबरेटर हे याचे चांगले उदाहरण. १९४४ मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्ये ते बनले, क्रमांक ४४-४४०५२. ब्रिटिशांनी त्याला केएच १९१ म्हटले, मग ते भारतीय हवाई दलात आले. १९८९ मध्ये ते पुन्हा उडाले तेव्हा त्याच्या नाकावर ‘ऑल अमेरिकन’ लिहिले होते. पुढे ‘ड्रॅगन अँड हिज टेल’ झाले, त्यानंतर ‘विचक्राफ्ट’. ही तिन्ही नावे युद्धात लढलेल्या दुसऱ्याच विमानांची. पाहायला येणाऱ्याला त्यात अमेरिकाच दिसते, भारतातली वर्षे रंगाखाली गेली. आपणही वेगळे करत नाही. २०१८ मध्ये हवाई दलात दाखल झालेला ‘परशुराम’ हा डकोटा व्हीपी ९०५ या क्रमांकाने रंगवला आहे, १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डकोटांच्या स्मरणार्थ. ते यंत्र मात्र मूळचे ब्रिटिश हवाई दलाचे केएन ३९७. त्या मोहिमेची आठवण राखायला दुसरा डकोटा रंगवला यात मला गैर काही वाटत नाही. पण रुग्णाच्या गळ्यात दुसऱ्याचे नाव अडकवले असेल, तर केसपेपरवर ते नोंदवलेले असावे एवढेच.

हा नुसता छंद नाही हेही त्या वाचनात कळले. २५ जानेवारी १९४४ ला ‘हॉट ॲज हेल’ नावाचे बी-२४ आठ जणांसह आजच्या अरुणाचल प्रदेशात नाहीसे झाले. २००६ मध्ये क्लेटन कुल्स या अमेरिकन गिर्यारोहकाला अवशेष सापडले. युद्धकाळात बेपत्ता विमानाचा जो अहवाल अमेरिकन लिहीत, त्यात इंजिनांचे आणि मशीनगनचेही क्रमांक असत. डोंगरात सापडलेल्या तुकड्यावरचा आकडा त्या कागदाशी जुळला की आठ नावे मिळतात. नावे मिळाली की नातेवाईक मिळतात, आणि नातेवाईक मिळाले तरच डीएनएची तुलना कुणाशी करायची ते कळते. त्या विमानातले लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांचे अवशेष २०१७ मध्ये जॉर्जियातल्या त्यांच्या गावी पुरले गेले. रुळावरच्या बेवारस देहांच्या फायली पाहिलेल्या माणसाला हा क्रम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. डीएनए यंत्रात घालण्याआधी ‘हा अमुक असावा’ असे कुणीतरी म्हणावे लागते.

आजोबा महिन्याने मशीनच्या तपासणीला आले. मी शोधलेले सांगितले. भारताचे बरेचसे लिबरेटर भंगारातच गेले, पण जगातल्या संग्रहालयांत आज जे शिल्लक आहेत त्यातले कितीतरी आपल्याकडून गेलेले आहेत. कॅनडाने तर त्याच्या बदल्यात आपल्याला लायसँडर दिले, तेही पालमला आहे. आणि ८ ने सुरू होऊन ७ ने संपणारी दोन विमाने मला सापडली होती. एचई ८०७ हे १९७४ मध्ये ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला मिळाले. आता लंडनमधल्या हेंडनला केएन ७५१ या जुन्या ब्रिटिश क्रमांकाने उभे आहे. एचई ८७७ हे १९६९ मध्ये उडत अमेरिकेत गेले. ते ॲरिझोनातल्या टूसॉनच्या पिमा संग्रहालयात आहे, अमेरिकन रंगात.

नातवाने मोबाइलवर दोन्ही फोटो दाखवले. आजोबांनी ॲरिझोनाच्या फोटोकडे नीट पाहिलेही नाही. ‘‘झिरो व्हता मदला. लंडनचंच हाये.’’

इथे माझी चूक झाली होती. साक्षीदाराला ओळख परेडमध्ये आधीच बोट दाखवू नये, हे मी कोर्टात कितीदा ऐकले आहे. तरी मी त्यांना आकडे आधी सांगितले आणि आठवण नंतर विचारली. त्यातही लंडन पहिले सांगितले. साठ वर्षांपूर्वीची आठवण माझ्या शब्दांनी रंगली की मुळातच तशी होती, हे आता कळायला मार्ग नाही.

मध्येच त्यांनी विचारले, ‘‘साहेब, रात्री घड्याळाचे काटे हिरवे चमकायचे. त्यानं कान गेले का?’’ कान इंजिनांनी गेले. ते काटे रेडियमच्या रंगाचे. अशा रंगाने आजारी पडल्या त्या तबकड्या रंगवणाऱ्या कारखान्यातल्या मुली, ब्रशाचे टोक ओठांनी नीट करणाऱ्या. काचेआडच्या तबकडीचा तुम्हाला धोका फार कमी, असे त्यांना सांगितले. वाचकांपैकी कुणाच्या घरी लष्करी विमानाचे किंवा जहाजाचे जुने मीटर शोभेला असेल, तर ते उघडू नका आणि खरवडू नका. चमक केव्हाच गेलेली असते, रेडियमचे अर्धे आयुष्य १६०० वर्षांचे आहे.

फोटो मी ठेवून घेतला आणि एक्स-रे विभागातले मोठे भिंग लावून पाहिला. टोपीच्या कडेखाली मधल्या आकड्याचा तळ किंचित दिसतो. तो वळलेला आहे. ७ चा तळ असा वळत नाही. म्हणजे ॲरिझोना बाद. पण तळ वळलेले आकडे आणखीही आहेत : ३, ५, ६, ८. तसे एखादे विमान भंगारात जाऊन आज कुणाला ठाऊकही नसेल.

पुढच्या खेपेला हे सगळे आजोबांना मोठ्याने, दोनदा सांगितले. ते ऐकून घेत होते की मशीन नीट बसवत होते कोण जाणे. मग म्हणाले, ‘‘मागं लिहून द्या. पोरं वाचतील.’’

पेन्सिलीने लिहिले : ‘एचई ८?७. पुणे, लोहगाव. ८७७ नव्हे. ८०७ असू शकते.’ खाली तारीख घातली, सहीही केली, सवयीने.

त्यांनी चष्मा लावून वाचले. प्रश्नचिन्हावर अंगठा ठेवला, फोटो पिशवीत सरकवला आणि नातवाला म्हणाले, मशीनच्या बॅटऱ्या कुठे मिळतात ते साहेबांना विचार.