दिवाळीची यादी आणि सवलतींचे गणित

दसऱ्याचे सोने लुटून झाले, कोजागरीचे दूध आटले, की नाशिकच्या घराघरांतून एक कागद बाहेर पडतो. रवा, मैदा, बेसन, पोहे, डाळे, खोबरे, साखर, तूप, तेल. त्याखाली उटणे, साबण, पणत्या, वाती. ही यादी बहुधा सासूबाई सांगतात आणि सूनबाई लिहितात. गेल्या वर्षी चकलीला तेल किती लागले आणि किती उरले, याची नोंद कोणत्याही वहीत नसते. ती त्या माउलीच्या मनात असते.

अलीकडे या कागदाच्या जोडीला कागदांचा दुसरा गठ्ठा घरात येतो. वर्तमानपत्राच्या घडीतून पडणारी सुपर बाजारांची पत्रके, कारखान्याने बोनसबरोबर दिलेली खरेदीची कुपने, बँकेच्या कार्डावरील सूट, मोबाइलवर येणारे सांकेतिक क्रमांक आणि नेहमीच्या वाण्याने हाती ठेवलेले भिशीचे कार्ड, असा हा सरंजाम असतो. यादी आपली असते. बाकीचे कागद दुकानदाराचे. दिवाळीच्या खर्चात बचत होणार की नुकसान, हे या दोहोंपैकी कोणता कागद आधी हातात घेतला यावर पुष्कळसे ठरते, असे आमचे मत आहे. पत्रक आधी पाहिले तर यादी फुगते. यादी आधी केली तर पत्रकातील निम्मा मजकूर आपोआप निरुपयोगी ठरतो आणि उरलेला निम्मा खरोखर कामाचा असतो.

नाशिकरोडला भारत प्रतिभूती मुद्रणालय १९२५ पासून आणि चलनी नोटांचे मुद्रणालय १९२८ पासून उभे आहे. पण ज्या गावात नोटा छापल्या जातात तेथील गृहिणीलाही नोट मोडताना दोनदा विचार करावाच लागतो. नोट हे जसे एक वचन तसे कूपनही एक वचनच. नोटेला मुदत नसते आणि कुपनाला असते, एवढाच काय तो फरक, असे आपण म्हणत असू. २०१६ च्या नोव्हेंबरात तोही समज डळमळला. कुपनाची मुदत मात्र कधीच चुकत नाही. म्हणून घरात येणाऱ्या प्रत्येक कुपनावर त्याची शेवटची तारीख लाल शाईने गिरवून ठेवावी आणि ज्याची मुदत आधी संपते ते गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवावे.

आता गणिताकडे वळू. ‘एकावर एक मोफत’ म्हणजे निम्मी किंमत, हे सर्वांना कळते. ‘दोनावर एक मोफत’ म्हणजे तेहतीस टक्के सूट, हे जरा विचारांती कळते. पण ‘वीस टक्के जादा’ असे ठळक अक्षरांत छापलेल्या पुड्यात सूट वीस टक्के नसून पावणेसतरा टक्क्यांहून किंचित कमीच असते, कारण शंभर ग्रॅमच्या पैशांत एकशेवीस ग्रॅम मिळतात. तसेच, ‘पन्नास टक्के आणि वर आणखी वीस टक्के’ यांची बेरीज सत्तर होत नाही. शंभराचे पन्नास झाले, त्या पन्नासावर वीस टक्के म्हणजे दहा. सूट झाली साठ.

दोन सवलती एकत्र लावताना कोणती आधी, यालाही महत्त्व आहे. समजा, दुकानात सर्व मालावर दहा टक्के सूट आहे आणि आपल्यापाशी दोनशे रुपयांचे कूपन आहे. बिल २,००० रुपयांचे झाले. आधी दहा टक्के वजा केले तर १,८०० उरतात आणि कूपन लावल्यावर १,६०० द्यावे लागतात. आधी कूपन लावले तर १,८०० वर दहा टक्के, म्हणजे १,६२० द्यावे लागतात. वीस रुपयांचा हा फरक क्षुल्लक वाटेल, पण वीस रुपयांत पणत्या येतात.

खरी मेख पुढेच आहे. कुपनावर बारीक अक्षरांत ‘दोन हजार वा अधिक रकमेच्या खरेदीवर’ अशी अट असते. ती रक्कम सूट वजा करण्यापूर्वीची की नंतरची, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. नंतरची असेल तर आपले बिल १,८०० वर उतरले आणि कूपन बाद झाले. अशा वेळी यादीतीलच काही माल, उदाहरणार्थ अंगाचा साबण आणि खोबरेल तेल, त्याच बिलात घेऊन रक्कम २,२२३ पर्यंत न्यावी. दहा टक्के जाऊन २,००० रुपये ७० पैसे होतात, कूपन लागते आणि द्यावे लागतात १,८०० रुपये ७० पैसे. म्हणजे सत्तर पैसे अधिक देऊन २२३ रुपयांचा माल घरात आला. कूपन आणि सवलत यांची जोडणी जमते ती अशी. मात्र तो साबण यादीत नसेल आणि केवळ रक्कम भरण्यासाठी घेतलेला असेल, तर तो न्हाणीघराच्या फळीवर पुढच्या दिवाळीपर्यंत बसून राहील!

सूट कशावर मोजली आहे, हेही पाहावे लागते. पाकिटावर छापलेली किंमत ही कमाल किंमत होय. त्याहून अधिक घेता येत नाही, कमी घ्यायला कोणाची हरकत नसते. ‘छापील किमतीवर दहा टक्के सूट’ देणारे दुकान कदाचित त्याच भावाला माल देत असते, ज्या भावाने आपला कोपऱ्यावरचा वाणी काही न बोलता बाराही महिने देतो. त्यामुळे तुलना छापील किमतीशी करू नये, आपण गेल्या महिन्यात मोजलेल्या पैशांशी करावी. जुनी बिले जपून ठेवण्याचा एवढाच उपयोग, पण तो फार मोठा आहे. पाकिटावर दर ग्रॅमला वा दर किलोला पडणारी किंमत छापणे अलीकडे नियमाने बंधनकारक झाले आहे. अक्षरे बारीक असतात. चश्मा बरोबर न्यावा.

तेलाबाबत तर विशेष सावधगिरी हवी, कारण फराळाचा निम्मा जीव तेलात असतो. एक लिटर खाद्यतेलाचे वजन किलोभर नसते. ते ९१० ग्रॅमच्या आसपास भरते. पंधरा किलोचा डबा आणि पंधरा लिटरचा डबा शेजारी शेजारी ठेवले तर दिसायला जुळे भाऊ, पण दुसऱ्यात तेल साधारण तेरा किलो साडेसहाशे ग्रॅमच असते. सुमारे एक किलो साडेतीनशे ग्रॅमचा हा फरक ‘डब्यामागे शंभर रुपये सूट’ या घोषणेने भरून निघतो की नाही, ते दुकानातच पाहिले पाहिजे. सिडकोतील वा इंदिरानगरातील चार बिऱ्हाडांनी मिळून एक डबा घेतला आणि मापाने वाटून घेतला, तर सुट्या पिशव्यांपेक्षा तो बहुधा स्वस्त पडतो. वाटपाच्या वेळी थोडे तेल फरशीवर सांडते आणि थोडे बोलणेही होते, तेवढे सोसावे.

करांचेही थोडे सांगितले पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले आणि तूप, लोणी, सुका मेवा यांवरील कर बारा टक्क्यांवरून पाचांवर आला. अंगाचा साबण, केसांचे तेल, टूथपेस्ट यांवरील अठरावरून पाचांवर आला. साखर व खाद्यतेल यांवर आधीही पाचच टक्के होता. तेव्हा जुन्या करासह छापलेल्या किमतीवर ‘मोठी सूट’ दाखवणारा साबण दिसला, तर त्या सुटीतील काही भाग सरकारने दिलेला आहे, दुकानदाराने नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

आता वाण्याची भिशी. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत, पंचवटीच्या जुन्या आळ्यांत आणि धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या भगिनींमध्ये दिवाळीचा खरा आधार सुपर बाजारातील कूपन नसून ही भिशी असते. पद्धत साधी आहे. अकरा महिने दरमहा ठराविक रक्कम वाण्याकडे भरायची. बाराव्या महिन्याचा हप्ता वाणी स्वतः घालतो आणि दिवाळीला तेवढ्या रकमेचे वाणसामान देतो. दरमहा पाचशे भरले तर साडेपाच हजारांवर सहा हजारांचा माल मिळतो. वरवर पाहता हा लाभ नऊ टक्क्यांचा दिसतो. परंतु पहिला हप्ता वाण्याकडे अकरा महिने राहिला आणि शेवटचा एकच महिना. त्या हिशेबाने हे व्याज वर्षाला अठरा टक्क्यांच्या घरात जाते. कोणतीही बँक आवर्ती ठेवीवर एवढे देत नाही.

मग वाणी ते कसे देतो? तो दानधर्म करीत नाही. त्याला वर्षभर बिनतारण भांडवल मिळते, गिऱ्हाईक बांधले जाते, आणि पाचशे रुपयांचा जो माल तो वर देतो त्यात त्याचा स्वतःचा नफा धरलेलाच असतो. येथेच गृहिणीने एक प्रश्न विचारायला हवा: भिशीचा माल कोणत्या भावाने देणार? रोख गिऱ्हाइकाला छापील किमतीवर आठ टक्के सोडणारा वाणी भिशीच्या माणसाला पुरी छापील किंमत लावील, तर सहा हजारांचा तोच माल रोखीने ५,५२० रुपयांना मिळाला असता. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या साडेपाच हजारांवर लाभ झाला वीस रुपयांचा!

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. भिशी रुपयांची आहे की वस्तूंची? रुपयांची असेल तर डाळ वा तेल महागल्यास पिशवी हलकी होते. ‘इतके किलो साखर, इतके बेसन, इतके तेल’ अशी वस्तूंची यादी पहिल्याच दिवशी कार्डावर लिहून घेतली असेल, तर भाववाढीचा भार वाण्यावर पडतो. दोन्हींत आमची पसंती निःसंशय वस्तूंच्या भिशीला आहे. त्या वस्तू भिशीतून आणाव्या आणि साबण, उटणे, सुका मेवा यांसारख्या पाकीटबंद वस्तूंपुरती सुपर बाजाराची कुपने वापरावी. एकाच मालावर दोन्ही सवलती लावू देणारा दुकानदार विरळा.

आणि धोका? भिशी चालवणारा दिवाळीच्या तोंडावर दुकानाला कुलूप लावून नाहीसा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतात. ज्या घरात वर्षातून एकदाच तुपाचा डबा येतो, त्या घराची सगळी दिवाळी अशा वेळी त्या कुलपामागे अडकते. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा कायदा आहे, अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदा आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार ग्राहक आयोगाकडे कोणतेही शुल्क न भरता करता येते. परंतु या सर्व दारांवर पहिला प्रश्न एकच विचारला जातो: पावती कुठे आहे? तोंडी भिशीला पावती नसते. म्हणून प्रत्येक हप्त्याला कार्डावर सही, तारीख आणि दुकानाचा शिक्का घेतल्यावाचून पैसे हातचे सोडू नयेत. वाणी ओळखीचा असला तरी, किंबहुना असला म्हणूनच. आणि अवघ्या दिवाळीचे पैसे एकाच भिशीत घालू नयेत.

शिधापत्रिका हेही एक कूपनच, सरकारने दिलेले. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ सुरू केला. रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल अवघ्या शंभर रुपयांत. पुढच्या दिवाळीत त्यात मैदा आणि पोहेही आले. २०२५ च्या दिवाळीत मात्र हा शिधा मिळाला नाही आणि त्या भरवशावर यादी आखलेल्या घरांची ओढाताण झाली. यावरून घेण्यासारखा बोध व्यावहारिक आहे: पिशवी घरी आल्यावरच त्यातील जिन्नस यादीतून खोडावे, घोषणा ऐकून नव्हे.

भावाशी एकट्याने झुंजण्यापेक्षा दहा घरांनी मिळून खरेदी करणे बरे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८४४ च्या डिसेंबरात इंग्लंडातील रॉचडेल गावच्या अठ्ठावीस कामगारांनी पीठ, लोणी, साखर विकणारे आपले दुकान काढले आणि वर्षाचा नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात वाटून दिला. सत्तरीच्या दशकात महागाईने कळस गाठला तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्याच काळात, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी पैशांसह आधी नोंदवायची, माल घाऊक आणायचा आणि सभासदांनीच तो वाटून घ्यायचा, ही तिची रीत. यात जाहिरात नाही की कूपन नाही. जाहिरातीचा आणि कुपनाचा खर्च मालाच्या किमतीत मिसळलेला नसतो, हीच तिची सवलत. नाशिकच्या एखाद्या सोसायटीतील आठ-दहा बिऱ्हाडांना दिवाळीपुरता असा संघ करणे अवघड नाही. साखरेचे पोते, तेलाचे दोन डबे आणि रव्या-बेसनाची एकत्र मागणी घेऊन घाऊक दुकानात गेले, की भावाची बोलणी आपोआप निराळ्या सुरात होतात.

राहता राहिले दिवाळीच्या बिलाबरोबर हाती पडणारे ‘पुढील खरेदीवर’ चे कूपन. त्याची मुदत बहुधा पंधरवड्याची असते आणि तेवढ्या काळात घरात फराळाचे डबे भरलेले असल्याने काहीच लागत नाही. म्हणून यादीतील चहा, धुण्याचा साबण, मीठ असे न नासणारे जिन्नस मुद्दाम मागे ठेवावेत आणि भाऊबीज आटोपल्यावर त्या कुपनावर आणावेत. तुळशीच्या लग्नाचा ऊस तेवढा कुपनावर मिळत नाही. तो पंचवटी कारंजावर उभे राहून, घासाघीस करूनच घ्यावा लागतो.